आधी मोजा, मग जोडा

आमच्या शाळेच्या फाटकाजवळ एक जुनी तोफ ठेवलेली आहे. पालक भेटीला आले की तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. सहावीत आल्यापासून माझेही चार-पाच फोटो तिथे निघाले आहेत. सगळ्यांचे लक्ष तोफेच्या नळीकडे असते. तिच्या शेपटाला एक जाड लोखंडी कडी आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही. मीही कधी बघितले नव्हते. या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाकडे गेलो, तिथे माझ्या हातून एक चूक झाली, आणि परत आल्यावर मी सर्वांत आधी ती कडी नीट पाहिली.

माझा मामा अमेरिकेत, टेक्सास राज्यात ह्यूस्टनजवळ राहतो. त्याच्याकडे पिकअप ट्रक आहे, म्हणजे पुढे पाच जणांची केबिन आणि मागे उघडा हौदा. तिकडे अशा गाड्या घरोघरी दिसतात आणि त्यांच्या मागे बोटी, घोड्यांचे ट्रेलर, घरसामानाचे ट्रेलर जोडलेले असतात. हा जोड ज्या वस्तूने होतो तिला हिच म्हणतात. ती कशी निवडायची, हे या लेखात सांगणार आहे. आधी झालेला प्रसंग सांगतो, म्हणजे निवड नीट का करायची ते कळेल.

रस्त्यावर काय झाले

तिथल्या मराठी कुटुंबांच्या गणेशोत्सवाचे सामान एका गोदामातून दुसरीकडे हलवायचे होते. ढोल, ताशे, रंगमंचाच्या फळ्या, लोखंडी पाइप, ध्वनिक्षेपक आणि एक जनरेटर. ओळखीच्या एकांनी दोन आसांचा, म्हणजे चार चाकांचा, बंद ट्रेलर दिला आणि सोबत आपली हिचही दिली. सामान भरण्याचे काम मी मागून घेतले. ट्रंक कशी लावायची, बेड ब्लॉक कसा करायचा, हे रोज करणाऱ्या मुलाला ट्रेलर भरणे काय अवघड, असे मला वाटले. उतरवताना जनरेटर आधी लागणार म्हणून तो मी अगदी मागच्या दाराशी ठेवला.

निघताना ट्रेलरचे नाक किंचित वर दिसत होते. मामा म्हणाला, "चालेल, जवळच तर जायचंय." गल्लीत सगळे ठीक होते. मोठ्या रस्त्याला लागून वेग ताशी 50 मैलांच्या, म्हणजे सुमारे 80 किलोमीटरच्या, पुढे गेला आणि उतार लागला. मागचा ट्रेलर आधी थोडा डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, दर वेळी आधीपेक्षा जास्त. ट्रकचे शेपूटही त्याच्याबरोबर हलू लागले. मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची मामेबहीण होती. ती आधी हसली, मग गप्प झाली.

मामाने ब्रेकवर पाय दिला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवले आणि डॅशबोर्डवरच्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावले. ट्रेलर मागून ताणला गेला, झोके कमी झाले आणि आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. अशा वेळी घाबरून ट्रकचा ब्रेक दाबला किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवले, तर झोके वाढतात आणि गाडी आडवी होऊ शकते, हे त्याने मला नंतर सांगितले.

खाली उतरून त्याने ट्रेलरचे मागचे दार उघडले. जनरेटर बघितला. मग ट्रेलरच्या वर गेलेल्या नाकाकडे बघितले आणि एकच शब्द बोलला, "उलाळ!"

हा शब्द सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळचा. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त ओझे भरले की गाडी मागे झुकते, जू वर उचलले जाते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. त्याला गाडी उलाळली असे म्हणतात. पुढे जास्त भरले तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. गाडी भरणाऱ्याने मानेवर थोडे, पण बेताचे ओझे ठेवायचे असते. नानांची गाडी मी फक्त गोठ्याशेजारी उभी असलेली पाहिली आहे. मामाने ती लहानपणी स्वतः भरलेली आहे. तो म्हणाला, "मला हे ठाऊक होतं रे. ट्रक आहे म्हणून विसरलो."

आम्ही तिथेच जनरेटर पुढे सरकवला आणि कडेकडेने, अगदी हळू घरी परत आलो. दुसऱ्या दिवशी मामाने स्वतःची हिच घ्यायचे ठरवले आणि मोजमाप माझ्याकडे दिले.

ड्रॉप हिच म्हणजे काय?

ट्रकच्या मागे चासीला पक्की बसवलेली एक चौकोनी पोकळ नळी असते. तिला रिसीव्हर म्हणतात. हिचचा चौकोनी दांडा या नळीत सरकवतात आणि आडवी पिन घालून अडकवतात. दांड्याच्या टोकाला पोलादी गोळा असतो, त्याला बॉल म्हणतात. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला वाटीसारखा कप्लर असतो. तो बॉलवर बसतो आणि खालून खटक्याने बंद होतो. खांद्याच्या सांध्यासारखीच ही रचना आहे, त्यामुळे वळताना आणि चढउतारावर ट्रेलर सर्व बाजूंनी फिरू शकतो.

ट्रक उंच असतो आणि ट्रेलर बहुधा बुटका. म्हणून हिचचा दांडा खाली उतरवलेला असतो. दांड्याच्या वरच्या पृष्ठापासून बॉल ज्या पट्टीवर बसतो तिच्या वरच्या पृष्ठापर्यंत जितके खाली, तितका त्या हिचचा ड्रॉप. साध्या हिचमध्ये तो कायमचा ठरलेला असतो. ॲडजस्टेबल हिचमध्ये उभ्या पट्टीवर ओळीने भोके असतात आणि पिन काढून बॉल साधारण एकेका इंचाने वर-खाली करता येतो. एकाच ट्रकला वेगवेगळ्या उंचीचे ट्रेलर जोडायचे असतील, तर ती उपयोगी पडते.

पहिली पायरी: उंची

यासाठी सपाट जमीन, मोजपट्टी आणि पाणसळ एवढेच लागते.

1. ट्रक सपाट जागी उभा करून जमिनीपासून रिसीव्हरच्या नळीच्या आतल्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजा. आमची 22 इंच आली.
2. ट्रेलर जॅकवर घेऊन पाणसळीने अगदी सपाट करा आणि जमिनीपासून कप्लरच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. आमची 17 इंच आली.
3. पहिल्या मापातून दुसरे वजा करा. 22 वजा 17, म्हणजे 5 इंच ड्रॉप हवा.

उसन्या हिचचा ड्रॉप होता 2 इंच. म्हणजे नाक वर का होते याचे उत्तर एका वजाबाकीत मिळाले. ही वजाबाकी आदल्या दिवशी करायला पाच मिनिटे लागली असती.

उत्तर उणे आले, म्हणजे ट्रेलर ट्रकपेक्षा उंच निघाला, तर ड्रॉपऐवजी चढ लागतो. पुष्कळ ॲडजस्टेबल हिच उलट्या बसवून चढ मिळवता येतो, पण विकत घेण्याआधी तसे लिहिलेले आहे का ते वाचावे.

हे माप रिकाम्या ट्रकचे आहे. ओझे जोडले की ट्रकचा मागचा भाग दबतो. आमचा ट्रक भरलेल्या ट्रेलरने साधारण 1 इंच दबला, म्हणून आम्ही शेवटी बॉल 4 इंचांच्या भोकात बसवला. ठराविक 5 इंचांची साधी हिच आणली असती, तर नाक खाली राहिले असते. म्हणून नियम असा की रिकाम्याने मोजून निवडा आणि भरल्यावर पुन्हा मोजून जुळवा. अगदी सपाट बसत नसेल, तर नाक किंचित खाली चालते, वर चालत नाही.

नाक वर राहिले तर वजन मागे जाते, मानेवरचे वजन घटते आणि दोन आसांच्या ट्रेलरमध्ये मागच्या आसावर जास्त भार येतो. नाक फार खाली गेले तर ट्रेलरचा पुढचा आस आणि ट्रकचे मागचे चाक जास्त दबते.

मग सर्वांत मोठ्या ड्रॉपची हिच घेऊन ठेवावी का? तेही नको. लांब पट्टी जमिनीच्या जवळ लोंबते आणि खड्ड्यात किंवा उताराच्या तोंडाशी घासते. गरजेपेक्षा एक-दोन इंच जास्त पुरे. आम्ही 6 इंचांपर्यंत जाणारी घेतली.

दुसरी पायरी: क्षमता

दुकानात मी सर्वांत जाडजूड दिसणारी हिच उचलली होती. मामाने ती खाली ठेवायला लावली आणि आधी आकडे वाचायला सांगितले. जोडातल्या प्रत्येक भागावर त्याची क्षमता छापलेली असते: रिसीव्हरवर, हिचवर, बॉलवर आणि ट्रेलरच्या पाटीवर. ट्रक किती वजन अंगावर घेऊ शकतो, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असते.

समजा, रिसीव्हर 10,000 पौंडांचा, हिच 8,000 ची, ट्रेलर 7,000 चा आणि बॉल 6,000 चा आहे. तर हा जोड किती ओढेल? सरासरी काढायची नाही, बेरीजही नाही. उत्तर 6,000 पौंड, म्हणजे सुमारे 2,700 किलो. सर्वांत लहान आकडा हीच साऱ्या जोडाची मर्यादा. क्रॉस कंट्रीत हाउसचे गुण मोजताना शेवटच्या मुलाची वेळ धरली, तर जसे होईल तसेच हे आहे. पुढचे नऊ जण कितीही जोरात धावले, तरी उपयोग नाही.

हिचवर दोन आकडे असतात. मोठा आकडा एकूण ओढायच्या वजनाचा, लहान आकडा बॉलवर खाली दाबणाऱ्या वजनाचा. दोन्ही पाळायचे असतात. शिवाय दांडा रिसीव्हरच्या मापाचा हवा. 2 इंची रिसीव्हर सर्वांत जास्त आढळतो, मोठ्या ट्रकना अडीच किंवा 3 इंचीही असतो.

पोलाद घ्यायचे की ॲल्युमिनियम? ॲल्युमिनियम हलके आणि न गंजणारे, पण महाग. पोलाद जड आणि स्वस्त, रंग उडाला की गंजते. क्षमतेचा आकडा पुरेसा असेल तर दोन्ही चालतात. हिच रोज काढायची-घालायची असेल, तर हलकी बरी. ती ट्रकला तशीच ठेवली की काय होते, ते माझ्या नडगीने दोनदा शिकले आहे.

तिसरी पायरी: मानेवरचे वजन

ट्रेलर बॉलवर जितका दाब देतो त्याला तिकडे टंग वेट म्हणतात, म्हणजे जिभेवरचे वजन. मला बैलाची मान जास्त पटते. बॉलवर ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरसाठी हे वजन एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावे.

आम्ही ट्रेलर मी भरला होता तसाच पुन्हा भरला आणि वजन केले. एकूण 5,000 पौंड, म्हणजे साधारण 2,270 किलो. मानेवर 500 ते 750 पौंड हवे होते. काट्यावर आले 350, म्हणजे फक्त 7 टक्के. मग 300 पौंडांचा जनरेटर 8 फूट पुढे सरकवला. दोन आसांच्या मध्यापासून कप्लर 12 फूट दूर आहे. तरफेच्या नियमाने मानेवरचे वजन किती वाढेल?

300 गुणिले 8, भागिले 12, बरोबर 200 पौंड.

350 अधिक 200, म्हणजे 550 पौंड, 11 टक्के. काट्यावरही तेच आले. सी-सॉवर पुढे सरकून बसण्याचा हा नियम मी परीक्षेत कितीदा तरी लिहिला आहे. त्याने रस्त्यावरचा ट्रेलर सरळ चालतो, हे त्या दिवशी कळले.

हीच तरफ ट्रकलाही लागू होते. बॉल मागच्या चाकांच्या 4 फूट मागे आणि पुढची-मागची चाके 12 फूट अंतरावर असतील, तर 550 पौंडांनी (250 किलो) पुढची चाके सुमारे 83 किलोंनी हलकी होतात आणि मागची 333 किलोंनी जड होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर असते. म्हणून मानेवर जास्त वजन असणेही धोक्याचे. ड्रॉप हिच फक्त उंची जुळवते, ती हे वजन वाटून देत नाही. फार जड ट्रेलरसाठी वजन वाटणारी वेगळ्या प्रकारची हिच असते आणि ती केव्हा लागेल ते ट्रकच्या पुस्तिकेत दिलेले असते.

चौथी पायरी: बॉल, आणि माझी दुसरी चूक

बॉलचे नेहमीचे व्यास तीन: 1 7/8 इंच, 2 इंच आणि 2 5/16 इंच. कप्लरवर त्याला कोणता बॉल लागतो ते कोरलेले असते. आमच्या नव्या हिचला एकाच ठोकळ्यावर दोन बॉल होते, वर 2 इंची आणि खाली 2 5/16 इंची. ठोकळा फिरवला की हवा तो बॉल वर येतो.

जोडण्याचे काम मी केले. कप्लर बॉलवर उतरवला, खटका लावला, पिन घातली आणि ओरडलो, "झालं मामा!" मामा म्हणाला, "जॅक वर घे." मला वाटले, आता जोडल्यावर कशाला? पण ऑर्डर म्हणजे ऑर्डर. जॅक फिरवला. जोड बरोबर असता तर कप्लरबरोबर ट्रकचे शेपूटही वर यायला हवे होते. ट्रक जागचा हलला नाही. खटका बंद असलेला कप्लर बॉलवरून अलगद वर निघून आला.

कप्लर 2 5/16 इंची होता, मी 2 इंची बॉल वर ठेवला होता. फरक 5/16 इंच, म्हणजे 8 मिलिमीटरसुद्धा नाही. मोठा बॉल लहान कप्लरमध्ये शिरतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. लहान बॉल मात्र मोठ्या कप्लरमध्ये आरामात बसतो, खटकाही लागतो, सारे ठीक दिसते आणि पुढे एखाद्या उंचवट्यावर ट्रेलर सुटतो. दारात उभी असलेली मामेबहीण म्हणाली, "दादा, हे काल असं झालं असतं तर?" मी काही बोललो नाही. ठोकळा फिरवला, बॉलची उंची पुन्हा मोजली आणि पुन्हा जॅक वर घेतला. या वेळी ट्रक उचलला गेला.

निघण्यापूर्वीची तपासणी

हा कागद मी मामाच्या ट्रकमध्ये चिकटवून आलो आहे:

1. कप्लरवरचा आणि बॉलवरचा आकडा मोठ्याने वाचला का? दोन्ही सारखे आहेत का?
2. रिसीव्हरची पिन आणि उंचीची पिन पूर्ण आत आहेत का? त्यांच्या क्लिपा लागल्या का?
3. खटका लावून जॅक वर घेतला का? ट्रक उचलला गेला का?
4. सुरक्षेच्या दोन साखळ्या कप्लरखालून एकमेकींवर तिरप्या घेतल्या का? कप्लर सुटलाच तर तो त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यावर नाही.
5. ट्रेलरच्या ब्रेकची आणि दिव्यांची वायर जोडली का? दिवे एकाने मागे उभे राहून पाहिले का?
6. ट्रेलर सपाट आहे का?
7. थोडे अंतर जाऊन, थांबून, हे सगळे पुन्हा पाहिले का?

सामान त्या दिवशी नव्या जागी पोहोचले. त्याच रस्त्याने, त्याच उताराने. ट्रेलर मागे आहे हे आरशात बघितल्यावरच कळत होते.

शाळेत परत आल्यावर मी तोफेच्या त्या कडीजवळ गेलो. तोफ ओढणाऱ्या गाडीला बॉल नसतो, जाड हुक असतो आणि ही कडी त्यात अडकते. खडबडीत रानात गाडी एकीकडे आणि तोफ दुसरीकडे कलली तरी हा जोड चालतो. त्याची खडखड जास्त होते, पण रणांगणावर त्याचे काय! कडी आतल्या बाजूने झिजून गुळगुळीत झाली आहे. कितीतरी जणांनी कितीतरी वेळा ती हुकात अडकवली असेल आणि प्रत्येक वेळी कोणीतरी वाकून ती नीट बसली का ते पाहिले असेल. त्याचा फोटो कोणी काढला नसेल.

इन्स्पेक्शनच्या आधी आमचे हवालदार सर बेल्टचे बक्कल स्वतः ओढून बघतात. पूर्वी मला त्याचा राग यायचा, कारण मी ते लावलेलेच असायचे. आता ते यायच्या आधी मीच एकदा ओढून बघतो.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी